अल्सर भरला तरी दुसरी एंडोस्कोपी करा
'गोळ्यांनी अल्सर भरला म्हणजे तो कॅन्सरचा नव्हताच' असं कुणी म्हणत असेल, तर ते जठराच्या अल्सरबाबत खरं नाही. पॅन्टोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी कॅन्सरची जखमही वरवर भरून येते. म्हणून अल्सरच्या काठावरचे बरेच तुकडे काढून तपासायचे (बायोप्सी) आणि दोनेक महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघायचं.

आमच्या मामांच्या पहिल्या बायोप्सीत फक्त एच. पायलोरी (जठरात राहणारा जीवाणू; १९९४ पासून कर्करोगकारक यादीत आहे, बरं का) आणि इंटेस्टाइनल मेटाप्लेशिया, म्हणजे जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी. ढेकरा थांबल्या, भाकरी पचायला लागली, मग दुसऱ्यांदा नळी गिळायला ते कसले तयार होतात! मामीने अक्षरशः रिक्षात कोंबून नेलं. व्रण दिसतच नव्हता, जागा जराशी फिकट. तिथल्याच तुकड्यात सुरुवातीचा कॅन्सर निघाला.