मुळेला काठ दोन, महापालिका दोन, आणि आता म्हणे हवामान करार एक

नदीकाठचा:
काल इथे एका सद्गृहस्थांनी लांबलचक लिहिलं की पुणे, पिंपरी-चिंचवड, तिन्ही कॅन्टोन्मेंट, पीएमआरडीए (महानगर विकास प्राधिकरण) आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी मिळून 'पुढच्या पिढ्यांसाठी' हवामान करार करावा. दाखला युरोपातल्या क्लायमेट अलायन्सचा. १९९० साली फ्रँकफुर्टला सुरू झालेली शहरांची आघाडी, २०३० पर्यंत माणशी उत्सर्जन १९९० च्या निम्म्यावर आणायचा शब्द, शिवाय अ‍ॅमेझॉनच्या आदिवासींशी भागीदारी. खाली नुसते बदाम आणि 'किती सुंदर विचार'.

अहो, ते अ‍ॅमेझॉनपर्यंत पोचले, आपल्याला नदीवरचा हॅरिस ब्रिज ओलांडून बोलता येत नाही. औंधच्या काठाला पुणे, सांगवीच्या काठाला पिंपरी-चिंचवड, मध्ये मुळा नदी एकच. जलपर्णी काढायचे ठेके मात्र वेगवेगळे. इकडची निघेपर्यंत तिकडची वाहत येते. डास कुठल्या हद्दीतले हे अजून कुणी विचारलं नाही, हेच नशीब. वरच्या अंगाला हिंजवडी, तिथे ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पीएमआरडीए असे तीन धनी. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं तेव्हा काय दिसलं? धरणातून पाणी सोडणार जलसंपदा, लोकांना बाहेर काढणार महापालिका, आणि निरोप कुणी कुणाला वेळेत दिला यावर मागाहून वाद.

आणि एकत्र बसायला नवा करार कशाला? ७४ व्या घटनादुरुस्तीत महानगर नियोजन समिती आहेच की. तिने कसलं नियोजन केलं ते ज्याला दिसलं असेल त्याने सांगावं.

पीएमटीचा पास:
'बोलता येत नाही' हे धादांत खोटं. २००७ साली दोन्ही शहरांच्या बससेवा, पीएमटी आणि पीसीएमटी, एक झाल्या ना? तूट आजही दोन्ही महापालिका साठ-चाळीस वाटून घेतात. निगडीहून बसलं की थेट कात्रजला उतरता येतं, हद्द कुठे ओलांडली ते कळतही नाही. माणूस दुचाकी घरी ठेवून बसने गेला, याहून मोठं हवामानाचं काम कोणतं?

नदीकाठचा:
बस आली तर जाईल.

कसबा_पेठी:
बालभारती-पौड रस्त्यासाठी वेताळ टेकडीला हात लावायला निघालेले लोक हवामान करार करणार. चालू द्या.

मावळकन्या:
शहरांनी 'सहकार्य' म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. ९ ऑगस्ट २०११ आठवतो का कुणाला? पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरोधात द्रुतगती मार्गावर बऊरला आंदोलन, गोळीबार, तीन शेतकरी गेले. धरण आमच्या बाजूला आणि नळ तुमच्या बाजूला, असाच करार असेल तर आधीच सांगा.

पीएमटीचा पास:
ताई, तो विषय वेगळा आहे.

मावळकन्या:
तुमच्यासाठी वेगळा.

चेअरमनकाकू:
करारबिरार राहू द्या. नदीत जातं ते आपल्याच संडासाचं पाणी. आमच्या सोसायटीतला एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करायचा प्रकल्प, भोगवटा पत्र मिळेपर्यंत झकास चालला. ताबा घेतल्यावर कळलं की टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं लाइटबिल लिफ्टपेक्षा जास्त. मग सर्वसाधारण सभेत ठराव: रात्री ब्लोअर बंद. हवा बंद म्हणजे जिवाणू मेले, जिवाणू मेले म्हणजे वास, वास आला की चेअरमनला फोन. शेवटी जिवाणू परत यावेत म्हणून शेण कालवून टाकीत ओतलं, ब्लोअर चोवीस तास सुरू ठेवला आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आता बागेला आणि फ्लशला तेच पाणी. टँकर कमी झाले तेव्हा शिव्या देणारे गप्प.

फ्लॅट_नं_चार:
काकू, मेंटेनन्स किती वाढवला तेही लिहा की. मिळकतकर आम्ही भरायचा, पाणीपट्टी आम्ही भरायची, आणि मैला साफ करायचा उद्योगही आम्हीच करायचा? बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर म्हणून पर्यावरण मंजुरी घेतली बिल्डरने, अटी आमच्या गळ्यात. आमच्याकडे फ्लशला पिवळं पाणी येतं. पाहुणे आले की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

चेअरमनकाकू:
पिवळं येतं म्हणजे फिल्टर धुतलेला नाही. ऑपरेटरला विचारा. की ऑपरेटरच नाही?

फ्लॅट_नं_चार:
सिक्युरिटीवाला बघतो.

चेअरमनकाकू:
बघतच असेल.

फ्लॅट_नं_चार:
टोमणे मारायची गरज नाही. सगळ्यांच्या सोसायटीत तुमच्यासारखे रिकामे लोक नसतात.

नदीकाठचा:
धागा हवामानावर होता, संडासावर नाही.

चेअरमनकाकू:
हवामान काय आकाशातून पडतं? मैलापाणी साचून कुजलं की मिथेन सुटतो, कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी तापवणारा. आणि रिकामी म्हणालात ते ठीक, निवृत्तच आहे मी. रिकाम्या बाईला जमलं ते तुमच्या कमिटीला जमेना, एवढंच.

इंदापूरवाला:
मजेत वाचतोय. तुमचा एसटीपी चालो न चालो, पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. सोलापूर शहर तेच पितं. तुमच्या यादीत दोन महापालिका आहेत, कॅन्टोन्मेंट आहेत, ग्रामपंचायती आहेत. खालचं गाव एकही नाही. पुढच्या पिढ्यांचं जाऊ द्या, आत्ताची पिढीच शंभर किलोमीटरवर राहते म्हणून दिसत नाही तुम्हाला.

नदीकाठचा:
हेच म्हणतोय मी! राज्याचं 'माझी वसुंधरा' हे पर्यावरण अभियान २०२० पासून चालू आहे. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश, सगळ्याला गुण. पण गुणपत्रिका प्रत्येकाची निराळी. शेजाऱ्याकडे घाण पाठवली म्हणून कुणाचा नंबर खाली गेला, असं ऐकलंय? शहरांची शर्यत लावायची आणि वर सहकार्याची शपथ घ्यायची.

पीएमटीचा पास:
म्हणजे गुणपत्रिका एकच हवी. म्हणजेच करार हवा. एवढ्यासाठी एवढं लिहिलंत होय?

नदीकाठचा:
बरं बाबा, करा करार. पण बसची तूट वाटता तसा नदी घाण केल्याचा दंडही साठ-चाळीस वाटा, आणि मोजायला इंदापूरचा माणूस बसवा. असल्या कागदावर दोन्ही आयुक्तांनी सही केली तर वडापाव माझ्याकडून.

मावळकन्या:
दंडाचा पैसा जाणार कुठे, ते लिहा आधी. परत शहरातच ना?

इंदापूरवाला:
वडापाव आणा तुम्ही. पाणी आम्ही पाजतो, उजनीचं.