साचा आहे, पण पाळी कुठे?

"मॉडेल रेल्वेच्या इंजिनाचा साचा तयारच आहे, मग तेच इंजिन पुन्हा काढायला काय जातं?" असं एकाने विचारलंय. अहो, साचा ब्रँडचा, पण मशीन चीनमधल्या कारखान्याचं, आणि तिथे बाकीचे ब्रँडही रांगेत. बाखमन या मॉडेल रेल्वे ब्रँडच्या मालक केडर कंपनीने सांडा कान हा असाच एक कारखाना घेतला, तेव्हा कित्येकांना दुसरीकडे धावावं लागलं.

माझ्या एचओ (म्हणजे 1:87 मापाच्या) इंजिनाची पायरी पार्सलमध्येच तुटली. सुटा भाग मागितला, तर "बॅच संपली". शेवटी तांब्याची तार वाकवून फेव्हिक्विकने चिकटवली, रंगाचा ठिपका दिला. लांबून कळत नाही.

आमच्या ग्वाल्हेरची आता बंद झालेली, रुळांमध्ये 610 मिमी अंतर असलेली छोटी लाइन 1:87 मध्ये 7 मिमी अंतराच्या रुळांवर येते. तिला एका बॅचपुरती गिऱ्हाइकं कोण जमवणार? जयविलास राजवाड्यातली जेवणाच्या टेबलावरची चांदीची छोटी आगगाडी बरी, राजाच गिऱ्हाईक!