मदत हवी आहे : लिस्बन ते माद्रिद, आई-बाबांना घेऊन कसं जावं?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये आई-बाबांना पोर्तुगाल आणि स्पेनला नेतोय. आधी लिस्बनला चार दिवस, मग माद्रिद, आणि परतीचं विमान पुन्हा लिस्बनहून. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, तो प्रश्न नाही. अडलंय ते मधल्या प्रवासावर.

हवाई अंतर साधारण ५०० किमी, रस्त्याने सव्वासहाशेच्या आसपास. पण वेळा बघा. जाताना विमान ११:३० ला सुटून १:५० ला पोहोचतं आणि येताना संध्याकाळी ६ ला सुटून ६:२० ला! बाबा रेल्वेत गार्ड होते. त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून पेन्सिलीने दोन्ही वेळा मांडल्या, दोनदा खोडल्या आणि म्हणाले, "छपाईची चूक आहे. आधी खात्री कर, मग पैसे भर."

त्यांना मनातून गाडीनेच जायचंय. पूर्वी रात्रीची थेट गाडी होती, ती मार्च २०२० पासून बंद. आता एंत्रोंकामेंतो, बादाहोस असं गाड्या बदलत जावं लागतं, सगळा दिवस जातो. बसलाही आठेक तास. आईचा गुडघा इतका दुखतो की प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच ती पुढची पायरी उतरते. बाबांचं मनही मोडवत नाही. काय करू?

प्रतिसाद

वेळा बरोबर आहेत. पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असतं. तिकिटावर दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या छापतात, त्यामुळे जाताना तास वाढतो आणि येताना गळतो. प्रवास दोन्हीकडून १ तास २० मिनिटांचाच. तसं पाहिलं तर माद्रिदही ग्रीनिचच्या पश्चिमेलाच, पण १९४० मध्ये स्पेनने घड्याळं तासभर पुढे केली ती तशीच राहिली.

५०० किमीला एवढा वेळ का, हे बाबा विचारतीलच. त्यांना सांगा, यार्डातून हलल्यापासून फलाटाला लागेपर्यंतचा वेळ धरलाय. विमान पूर्ण वेगात असतं ते मधला थोडाच वेळ.

आईंना घेऊन गाड्या बदलत जाऊ नका, विमानच घ्या. व्हीलचेअर मोफत मिळते, फक्त विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवा. अंतर्गत शेंगेन प्रवास असला (म्हणजे एकाच व्हिसाच्या देशांमधला, सहसा सीमेवर तपासणी नसलेला) तरी पासपोर्ट हाताशी असू द्या.

आणि बाबांना माद्रिदहून सेव्हियाला न्या. स्पेनचा पहिला वेगवान रेल्वेमार्ग तो, १९९२ चा. थेट गाडी, अडीच तास, कुठे बदलायची नाही.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, यार्डाचं उदाहरण लगेच पटलं. विमान ठरलं. आता ते विचारतायत, सेव्हियाच्या गाडीत खिडकीजवळची जागा आधी निवडता येते का?