मदत हवी आहे: खाडीकाठच्या गावावर विकिपीडिया लेख, छापील संदर्भ कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीत राहते. ठाणे खाडीकाठच्या आमच्या गावावर मराठी विकिपीडियात लेख लिहायला घेतलाय. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी संस्था आली, त्याआधीचं गाव: मिठागरं, खाजणातली भातशेती, मासेमारी. सासूबाई आणि त्यांच्या वयाच्या बायकांना एकेका बांधाचं नाव पाठ आहे, कुठल्या भरतीला जाळं कुठे लागायचं तेही. छापलेलं मात्र जवळपास काहीच हाती लागत नाही.

विश्वसनीय प्रकाशित संदर्भ द्यायचा हा तिथला नियम मला पटतो. तिथे कोणीही लिहू शकतं, मग वाचकाने भरवसा ठेवायचा कशावर? जो संदर्भ त्याला स्वतः उघडून पडताळता येतो, त्यावरच. २००५ साली जॉन सीगेनथॅलर या अमेरिकी पत्रकारांच्या इंग्रजी पानावर कोणीतरी केनेडींच्या हत्येशी त्यांचं नाव जोडलं. धादांत खोटं, तरी चार महिने तसंच राहिलं. आमच्याकडे तर जमिनी आणि साडेबारा टक्के (संपादित जमिनीच्या बदल्यात गावकऱ्यांना विकसित भूखंड देण्याची योजना) हे विषय अजून तापलेले आहेत. 'वाडवडील सांगायचे' एवढ्यावर उद्या कोणी अमुक जागा आमचीच असं लेखात घातलं, तर ते काढायचं कशाच्या जोरावर? म्हणून मला सूट नकोय, पुरावा हवाय.

विचारायचं हे: जुने छापील उल्लेख शोधायचे कुठे? देवीच्या उत्सवाची एक जुनी स्मरणिका घरात आहे, ती चालेल का? आणि सासूबाईंचं बोलणं मीच ब्लॉगवर टाकून त्याचा दुवा दिला तर?

प्रतिसाद १
ताई, आधी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे (इंग्रजी राजवटीतल्या जिल्हावार माहितीग्रंथाचे) ठाणे खंड बघा, १३ वा आणि १४ वा, १८८२ चे. पनवेल-उरण तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, तेही त्यात आहे. मिठागरं आणि मासेमारीवर बरंच सापडेल. इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलंय, जातींबद्दलची विधानं तशीच उचलू नका. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातही चौकशी करा. संस्था १८९३ ची आहे, स्थानिक इतिहासाची पुस्तकं तिथे विचारायलाच हवीत.

प्रतिसाद २
ब्लॉग नको. आपणच लिहून आपलाच दाखला दिला तर पडताळणी झालीच नाही, विकिपीडिया स्वप्रकाशित मजकूर सहसा धरत नाही. स्मरणिका मंडळाने स्वतः छापलेली, त्यामुळे उत्सव कधी सुरू झाला एवढ्यापुरती 'मंडळाच्या स्मरणिकेनुसार' असं म्हणून कदाचित चालेल. गाव किती जुनं यासाठी नाही. बातम्या वापरताना तारीख बघा. कधी बातमीदारच विकिपीडियावरून उचलतो आणि मग तीच बातमी तिथे संदर्भ म्हणून लागते.

सासूबाईंकडची माहिती वाया जाऊ देऊ नका. नाव, वय, तारीख नोंदवून, त्यांची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा आणि इतिहास किंवा समाजशास्त्राच्या एखाद्या अभ्यासकाकडे न्या. तपासून, संपादन होऊन ते नियतकालिकात आलं, की लेखात घेता येईल.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. लेखात सध्या गॅझेटियरमधून मिळेल तेवढंच घालते, चार ओळी झाल्या तरी चालतील. ध्वनिमुद्रण मात्र याच आठवड्यात सुरू करते, त्या बायकांपैकी बऱ्याच जणी आता ऐंशीच्या पुढे आहेत. खाडीकाठच्या गावांवर काम करणारं कोणी तुमच्या ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.