मदत हवी आहे: जुन्या बासमन हेडला कॅब जोडली, आवाज कुजबुजल्यासारखा

तारवेडा:
मामाकडून फेंडरचं बासमन हेड, म्हणजे स्पीकर नसलेलं अँप, मिळालंय. साठच्या दशकातलं, काळ्या पट्टीचं, 50 वॅट. मित्राची चार बाय बारा मार्शल कॅब (बारा इंची चार स्पीकरची पेटी) आणून जोडली तर आवाज कुजबुजल्यासारखा. व्हॉल्यूम दहावर नेला तरी शेजारी बसलेल्याचं बोलणं त्याहून मोठं. ट्यूबा (काचेचे व्हॉल्व्ह) पेटतात, गिटार ठीक, केबल ठीक. शनिवारी कार्यक्रम आहे. ट्यूबा बदलू का? कृपया लवकर सांगा.

चौदावा पडदा:
कॅब किती ओहमची, म्हणजे विजेला किती रोध करते? केबल कसली? हे न सांगता एकदम ट्यूबांवर कसे पोहोचलात?

तारवेडा:
केबल गिटारचीच, चांगली जाड. ओहम कुठे लिहिलेले दिसत नाहीत. कॅबचं मॉडेल 1960ए आहे. अजून काय हवंय?

खर्ज:
आधी ती केबल काढा. वरून जाड दिसली तरी आतली तार बारीक असते आणि भोवती जाळी. ती सिग्नलसाठी. हेड ते कॅब स्पीकरचीच केबल लागते, दोन्ही तारा सारख्या जाड.

गोडवा:
माझा अनुभव सांगतो. कॅबमधले स्पीकर काढून ग्रीनबॅक जातीचे टाका. 25 वॅटचे चार म्हणजे 100, तुमच्या 50 वॅटला भरपूर. बासमनला त्यांच्याइतकं काही शोभत नाही. आणि मार्शलचं पहिलं हेड, जेटीएम 45, बासमनच्याच 5एफ6-ए सर्किटवरून बेतलेलं. ही दोघं एका घरातलीच.

चौदावा पडदा:
गोडवा, त्यांचा आवाजच निघत नाहीये. स्पीकरच्या चवीचं नंतर बघू. शिवाय 5एफ6-ए हा चार बाय दहाचा कॉम्बो, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत. त्यांचं काळ्या पट्टीचं हेड नंतरचं, सर्किटही वेगळं.

धीमा ताल:
ती कॅब बहुतेक 16 ओहमची असेल. मग काळजी नको. कॅबचे ओहम अँपपेक्षा जास्त असले की अँप सुरक्षित, कमी असले की धोका. एवढं लक्षात ठेवलं की झालं.

डाखकाम:
धीमा ताल, तो नियम ट्रान्झिस्टरच्या अँपचा, ट्यूबला लावू नका. ट्यूब अँपमध्ये ट्यूबा आणि स्पीकर यांच्या मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. पुढे ओहम चौपट झाले की ट्यूबांना दिसणारा भारही चौपट होतो, ट्यूबच्या आतल्या प्लेटवरचा व्होल्टेज उसळतो आणि सॉकेटमध्ये ठिणगी पडू शकते. कॅब अजिबात न जोडता वाजवणं सर्वांत वाईट. काळ्या पट्टीच्या बासमन हेडचं आउटपुट 4 ओहमचं. दुपटीचा फरक बरेच जण चालवतात, चौपट मी चालवणार नाही.

धीमा ताल:
मी वर्षानुवर्षं 8 च्या हेडला 16 ची कॅब लावतोय, काही झालं नाही.

डाखकाम:
ती दुप्पट झाली. इथे 4 ला 16 आहे.
तारवेडा, हेडच्या मागे दोन जॅक असतील. पिन कुठल्यात आहे?

तारवेडा:
दुसऱ्यात. पहिला जरा सैल वाटला म्हणून. दोन्ही सारखेच ना?

डाखकाम:
नाहीत, आणि घोटाळा इथेच आहे. पहिल्या, म्हणजे मुख्य जॅकमध्ये पिन नसली की तो आतून आउटपुट शॉर्ट करतो. कॅब लावायची राहिली तर ट्रान्सफॉर्मर वाचावा म्हणून ती सोय केलेली. दुसरा जॅक जादा कॅबसाठी. एकटा तोच वापरलात की आवाज त्या शॉर्टमध्ये जिरतो. ट्यूबांना हात लावू नका. अँप बंद करून, न उघडता बाहेरूनच मुख्य जॅकचे संपर्क साफ करा आणि पिन घट्ट बसते का बघा. त्याआधी कॅबमध्ये केबल घालून दुसऱ्या टोकाच्या पिनवर मल्टीमीटर लावा.

तारवेडा:
12.8 आलं.

डाखकाम:
म्हणजे 16 ची. मीटर नेहमी नावापेक्षा कमीच दाखवतो. कॅबच्या मागची प्लेट नीट बघितलीत का? 1960ए वर बहुतेक वेळा मोनोसाठी दोन जागा असतात, एक 16 ची, एक 4 ची.

तारवेडा:
प्लेटवर बँडचं स्टिकर होतं. नखाने खरवडलं तर खाली शेजारच्या जॅकवर 4 निघाला! स्विच मोनोवर आहे. तिथे मोजलं तर 3.3.

चौदावा पडदा:
चारही 16 चे स्पीकर पॅरलल जोडले की 4. तोच वापरा.

गोडवा:
तरी ग्रीनबॅक बघाच. 1960ए मध्ये बहुधा 75 वॅटवाले असतात, त्यांचा मधला सूर मागे जातो.

तारवेडा:
स्पीकरची केबल आणली, मुख्य जॅक साफ केला, कॅबचा 4 चा जॅक घेतला. व्हॉल्यूम तीनवर आणि खिडकीची काच थरथरली! मनापासून आभार. फक्त गिटारची तार आणि माइक दोन्हींना एकदम हात लागला की मुंग्या येतात. ते चालायचंच ना?

डाखकाम:
मुळीच नाही. पॉवरची वायर दोन पिनांची आहे का?

तारवेडा:
हो, मूळचीच.

डाखकाम:
मग आत्ताच बंद करा. त्या अँपमध्ये मेन्सपासून चॅसीपर्यंत (धातूच्या सांगाड्यापर्यंत) एक कपॅसिटर असतो, तो बिघडला की थेट वीज तुमच्या तारांवर येते. जाणत्या माणसाकडून तो काढून घ्या आणि अर्थिंगची तीन पिनांची वायर बसवून घ्या. अँप उघडलंच आहे तर फिल्टर कपॅसिटरही तपासायला सांगा. तुम्ही उघडू नका, बंद केल्यावरही त्यांच्यात वीज साठलेली असते. हे शनिवारच्या आत झालं नाही तर त्या दिवशी दुसरं अँप घ्या.

तारवेडा:
बंद केलं. उद्या सकाळी घेऊन जातो.