आईचा साठावा वाढदिवस जपानी हॉटेलात, शाकाहारी माणसाला काय मागवू?

नमस्कार मंडळी, रविवारी आईला साठ पूर्ण होऊन राहिले आणि तीच म्हणाली की या वेळी काही वेगळं खाऊ, म्हणून नागपूरच्या सदरमधल्या एका जपानी रेस्टॉरंटमध्ये सहा जणांचं टेबल घेतलं. आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही. व्हेज सुशी आणि मिसो सूप चालून जाईल ना?

धरमपेठकर: सूपाचं आधी विचारा हो. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, ती शाकाहारी, पण खालचं पाणी बहुतेक दाशीचं असतं, त्यात सुकवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे टाकतात, बघून काहीच कळत नाही. नुसत्या कोंबूचं, म्हणजे समुद्री शेवाळाचं करून देता का विचारा. टेम्पुराच्या, म्हणजे जपानी भज्यांच्या, पिठातही बरेचदा अंडं असते.

वर्धारोडवाली: मी सासूबाईंना नेलं होतं, काकडीचा रोल खूप आवडला त्यांना. पण वासाबीचा हिरवा गोळा पुदिन्याची चटणी समजून अख्खा तोंडात टाकला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, सावजी रस्सा पचवणारं माणूस पण हा झणका जिभेवर नाही, सरळ नाकात जाते. आईला आधीच सांगून ठेवा. आणि चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, जपानमध्ये मयताच्या भातात तशा खोचतात.

प्रश्नकर्ता: बरं झालं विचारलं! आत्ताच फोन केला, सूपात मासा असतोच म्हणाले, पण आदल्या दिवशी सांगितलं तर कोंबूचं करून देतील. बिनअंड्याचा केक घरूनच नेतो.