पुस्तकातली ती: २६ तारखेची परेड आणि नऊवारींचा प्रश्न

प्रेषक: मृणाल
मंगळवार, ७ ऑक्टोबर

मंडळी, नमस्कार.

कोजागिरीला ठरलं त्याप्रमाणे शाळेची हॅलोविन परेड रविवार २६ ऑक्टोबरला संध्याकाळी ५ वाजता, हॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये. गाड्यांच्या डिक्क्या सजवायच्या, मुलं एकेका डिक्कीपाशी जाऊन खाऊ घेणार. यंदाचा विषय "पुस्तकातली ती". कुठल्याही भाषेतल्या पुस्तकातली बाई किंवा मुलगी चालेल.

आतापर्यंत आलेली नावं: हर्मायनी ५, ॲलिस ३, माटिल्डा १, आणि ११ जणींनी नुसतं "नऊवारी" असं लिहिलंय. नऊवारीतली कोण, ते कृपया रविवारपर्यंत कळवा. परेडमध्ये मी प्रत्येकीचं नाव पुकारणार आहे.

शुभदाताई, लेझीम पथकाच्या शिवलेल्या नऊवारी एका दिवसासाठी मिळतील का?

मृणाल

———

प्रेषक: शुभदा
मंगळवार, ७ ऑक्टोबर

मृणाल,

पथकाच्या नऊवारी देता येणार नाहीत. त्या पथकाच्या मुलींनी गाड्या धुऊन जमवलेल्या पैशांतून शिवल्यात, मंडळाच्या खात्यातून नाही. फॅशन शोला दोन दिल्या होत्या तेव्हा दोन्हींचे काष्टे उसवून परत आले आणि एकीवर मेंदीचा डाग पडला. तो अजून गेलेला नाही. संक्रांतीच्या कार्यक्रमाला आम्हाला सगळ्या लागतात.

शिवाय त्या मोठ्या मुलींच्या मापाच्या आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या त्या पायात येतील. संधिप्रकाशात, गाड्यांच्या मधून, हातात खाऊची पिशवी घेऊन ती चालणार कशी?

शुभदा

———

प्रेषक: प्रमोद
मंगळवार, ७ ऑक्टोबर

> संधिप्रकाशात, गाड्यांच्या मधून

गाड्या हलणार नाहीत. ४:३० नंतर पार्किंगचं तोंड मी आणि तेजस बंद करतोय, कोन लावून. उशिरा येणाऱ्यांनी गाडी रस्त्यावर लावावी. गणपतीला ज्यांनी हॉलच्या दाराशी लावली होती त्यांनी विशेष लक्ष द्यावं.

मला काळजी थंडीची आहे. मागच्या वर्षी ४० फॅरनहाइट होतं, सगळ्या मुली कोट घालून फिरल्या आणि पोशाख कुणाला दिसलेच नाहीत. हॉल ५ ला रिकामा करून द्यायचाय, त्यामुळे आत परेड शक्य नाही. आधीच विचारून झालंय.

प्रमोद

———

प्रेषक: केतकी
मंगळवार, ७ ऑक्टोबर

आतून फ्लीसच्या लेगिंग्ज आणि पूर्ण बाह्यांचं थर्मल घालायचं, ब्लाउजच्याच रंगाचं. वरून नऊवारी. पायात कोल्हापुरी नको, मोजे आणि बूट. आमची लेक दोन वर्षं असंच करतेय, पोशाख झाकावा लागत नाही.

ती हिरकणी होणार आहे, लिहून घे मृणाल.

———

प्रेषक: अविनाश
बुधवार, ८ ऑक्टोबर

सप्रेम नमस्कार.

चि. केतकी, तुझी लेक हिरकणी होतेय याचा मला आनंद आहे. पण हिरकणी ही आख्यायिकेतली, कोणा एका पुस्तकातली नव्हे. तिच्यावर कविता झाल्या, त्या आपण शाळेत शिकलो, पण मूळ गोष्ट लोकांच्या तोंडची. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली बरीच वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून हे सांगणं मला भाग आहे. विषय पुस्तकातला असेल तर मुलीने पुस्तक हातात घेतलेलं असावं.

आता नऊवारीविषयी. ११ मुली नऊवारी, नथ आणि चंद्रकोर लावून आल्या तर मृणालने नाव पुकारेपर्यंत कोण कुठली हे कुणालाच कळणार नाही. जिजाबाई, रमाबाई, श्यामची आई सगळ्या एकसारख्या. पात्र साडीने ओळखू येत नाही, पुस्तकात तिच्या हातात काय होतं त्याने ओळखू येतं. श्यामची आई करायची तर दागिने काहीही नकोत. साधं लुगडं, आणि अंघोळीनंतर मुलाच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून दगडावर पसरलेले ओचे. धाकट्या भावाला श्याम करा, तो त्यावर पाय ठेवील. वाचलेल्या प्रत्येकाला क्षणात कळेल.

इंग्रजी पुस्तकांचंही हेच. "विझर्ड ऑफ ऑझ"मधल्या डोरोथीचे बूट सगळे लाल आणतात, कारण १९३९ च्या चित्रपटात ते लाल होते. १९०० सालच्या मूळ पुस्तकात ते चांदीचे आहेत. चंदेरी बूट घातलेली मुलगी दिसली की समजावं, हिने पुस्तक वाचलंय.

अविनाशकाका

———

प्रेषक: केतकी
बुधवार, ८ ऑक्टोबर

काका, माझ्या लेकीला हिरकणी माहीत झाली ती कवितेतूनच. कविता पुस्तकात असते. ती रोज रात्री मला विचारते की अंधारात तिला कडा दिसला कसा. एवढं ज्या मुलीच्या मनात बसलंय तिला मी "आख्यायिका आहे, दुसरं काही हो" असं सांगणार नाही.

हातात दुधाची घागर आहेच. गुडघ्यांना खरचटल्याच्या लाल खुणाही काढणार आहोत.

———

प्रेषक: मृणाल
बुधवार, ८ ऑक्टोबर

हिरकणी घेतली आहे. हातातल्या वस्तूची कल्पना मला फार आवडली, ती मी नियम म्हणून टाकतेय: प्रत्येकीच्या हातात पुस्तकातली एक खूण हवी.

पाच हर्मायनींच्या आयांनो, आपण पुस्तकं वाटून घेऊ या. एकीच्या गळ्यात तिसऱ्या भागातलं वाळूचं घड्याळ. एकीकडे चौथ्या भागातले बिल्ले, घरकाम करणाऱ्या एल्फांच्या हक्कांसाठी ती विकत फिरते ते. एकीच्या काखेत तिचं केशरी मांजर. एकीने नाताळच्या नाचाचा झगा घालावा, पुस्तकात तो निळसर जांभळा आहे, गुलाबी सिनेमातला. पाचवीने पुस्तकांचा भारा घेतला तरी पुरे.

ॲलिसच्या आयांनी निळ्या झग्यासाठी धावाधाव करू नये. १८६५ च्या पहिल्या आवृत्तीतली चित्रं काळी-पांढरी आहेत, कुठलाही रंग चालतो. फ्लेमिंगो मात्र हवा, तो ती क्रोकेच्या दांड्यासारखा धरते.

नऊवारींचा प्रश्न अजून तसाच आहे.

———

प्रेषक: सुलभा
बुधवार, ८ ऑक्टोबर

मी सध्या लेकीकडे आलेली आहे, मार्चपर्यंत इथेच आहे. या यादीवर पहिल्यांदाच लिहिते.

नऊवारीवाचून अडलंय कुठे? फुलराणी करा. मंजुळेला परकर-पोलकं किंवा साधी साडी पुरते, हातात गजऱ्यांची टोपली. दिवाळीचा झेंडू घरात शिल्लक असेलच. आणि दुसऱ्या मुलीला एलायझा करा, शॉच्या ज्या नाटकावरून पु. लं.नी "ती फुलराणी" लिहिलं त्यातली, तीही फुलंच विकते. दोघी शेजारी चालू द्या, एक लंडनची, एक मुंबईची. इथे वाढणाऱ्या मुलींना हे नातं समजावं असं मला मनापासून वाटतं.

भक्ती बर्वेंचं काम मी पाहिलेलं आहे. ते स्वगत सुरू झालं की थिएटरात कुणी खोकत नसे. घरी येताना आम्ही मैत्रिणी बसमध्ये त्याच ठसक्यात बोलत होतो आणि कंडक्टरने तिकिटं फाडायची थांबवून ऐकलं होतं. माझ्या नातीला मी ते शिकवायला घेतलंय. तिला "ण" आणि "न" वेगळे म्हणता येत नव्हते, आता येऊ लागलेत. पार्किंगमध्ये माईक असेल का?

सुलभा

———

प्रेषक: प्रमोद
बुधवार, ८ ऑक्टोबर

माईक आहे. ढोल पथकाचा स्पीकर बॅटरीवर चालतो. फक्त तो ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार्ज करून आणावा, गणपतीला दहा मिनिटांत बंद पडला होता.

———

प्रेषक: वर्षा
गुरुवार, ९ ऑक्टोबर

आमच्या घरी थोडा वेगळा प्रश्न आहे. लेक दहावीत आहे. तिला हरिभाऊ आपट्यांची यमू व्हायचंय, "पण लक्षात कोण घेतो"मधली, आणि तीही शेवटची, आलवणातली, म्हणजे विधवेच्या लाल लुगड्यातली. शाळेत त्यांना हॉथॉर्नची १८५० सालची कादंबरी आहे, हेस्टर प्रिनची. गावाने तिच्या छातीवर लाल अक्षर लावायला लावलं. लेकीने ती वाचल्यावर माझ्या आईने तिला व्हिडिओ कॉलवर यमूची गोष्ट सांगितली, रोज थोडी थोडी. लेक म्हणाली, हिलासुद्धा लालच कापड दिलं, ही कोण हे सगळ्यांना लांबून कळावं म्हणून. तिची मैत्रीण हेस्टर होणार आहे आणि दोघी एकत्र चालणार आहेत.

मला हे फार खरं वाटलं. पण आधी विचारलेलं बरं.

वर्षा

———

प्रेषक: शुभदा
गुरुवार, ९ ऑक्टोबर

वर्षा, माझं स्पष्ट मत, नको. भाऊबीज २३ ला, परेड २६ ला. दिवाळीच्या आठवड्यात, लहान मुलांच्या खाऊच्या कार्यक्रमात आलवण? माझ्या सासूबाई त्या दिवशी येणार आहेत. त्यांच्या आत्या जन्मभर आलवणात राहिल्या. केशवपन झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. सासूबाई त्यांच्याविषयी बोलायला लागल्या की जेवण अर्धं टाकून उठतात. तो पोशाख म्हणून कुणी घातलेला त्यांना कसं बघवेल?

———

प्रेषक: अविनाश
गुरुवार, ९ ऑक्टोबर

शुभदा, तुझ्या सासूबाईंचं दुःख मी समजू शकतो. पण हरिभाऊंनी यमूला स्वतःच्या तोंडून बोलायला लावलं ते लोकांनी तोंड फिरवू नये म्हणून. पंधरा वर्षांची मुलगी अमेरिकेत बसून तिचं म्हणणं ऐकते आणि शेजारी हेस्टरला उभी करते, यापेक्षा मोठं वाचन माझ्या पाहण्यात नाही. आपण तिला थांबवू नये.

———

प्रेषक: मृणाल
गुरुवार, ९ ऑक्टोबर

वर्षा, मी तुझ्या लेकीशी आज फोनवर बोलले. ती फार शहाणी मुलगी आहे. आमचं असं ठरलं: डोक्यावर काही करायचं नाही, टक्कल दाखवणारी टोपी वगैरे नाही. लाल साडी, दोन्ही खांद्यांवरून पदर, हातात पुस्तक. परेडमध्ये ती आणि हेस्टर शेवटी चालतील, लहान मुलं खाऊकडे गेल्यावर, आणि दोघी दोन-दोन मिनिटं बोलतील. शुभदाताई, तुमच्या सासूबाईंना आधी सांगून ठेवाल का? त्यांना नको वाटलं तर तेवढा वेळ त्या प्रमोदच्या गाडीत बसतील, हीटर लावून ठेवू. आणि त्यांना आत्यांविषयी बोलावंसं वाटलं तर मला फार आवडेल.

———

प्रेषक: शुभदा
शुक्रवार, १० ऑक्टोबर

सासूबाईंना विचारलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मुलीला सांग, आलवण चापूनचोपून नेसत नाहीत. मी नेसवते.

नऊवारींबद्दल माझं तेच म्हणणं आहे, पथकाच्या मिळणार नाहीत. पण शनिवारी १८ तारखेला दुपारी माझ्या गॅरेजमध्ये मशीन लावते. प्रत्येकीने घरातली एक जुनी सुती पाचवारी आणा. आठ-दहा वर्षांच्या मुलीला त्यात काष्टा, ओचा सगळं बसतं. कमरेला इलॅस्टिक, निऱ्या टाके घालून पक्क्या, लांबी घोट्याच्या दोन बोटं वर म्हणजे पायात येत नाही. सिल्क किंवा जरीची आणू नका, सुई अडकते. कमरेचं आणि कमरेपासून घोट्यापर्यंतचं माप आदल्या रात्रीपर्यंत कळवा. येताना माप घेणार नाही.

———

प्रेषक: तेजस
शुक्रवार, १० ऑक्टोबर

> कमरेपासून घोट्यापर्यंतचं माप

लेगिंग्ज घालून घ्यायचं की न घालता?

माझा मुलगा विचारतोय, त्याला "अलबत्या गलबत्या"मधली चेटकीण होता येईल का. मतकरींच्या नाटकात ते काम आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि अलीकडे वैभव मांगलेंनी केलंय, म्हणजे मुलग्याला चालायला हरकत नसावी. त्याच्याकडे काळा झगा आहे.

———

प्रेषक: शुभदा
शुक्रवार, १० ऑक्टोबर

लेगिंग्ज घालून.

———

प्रेषक: मृणाल
शनिवार, ११ ऑक्टोबर

तेजस, चेटकीण हवीच. यादीत घेतली.

शुभदाताई, तुमचे किती आभार मानू कळत नाही. ११ पैकी ७ जणींची पात्रं आली आहेत. उरलेल्या चौघींसाठी माझ्या मनात एक आहे. १८८५ चा फिलाडेल्फियातला फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल: आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी डॉक्टर होण्यासाठी आलेल्या, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. श्री. ज. जोशींच्या "आनंदी गोपाळ"मुळे आनंदीबाई पुस्तकातल्याही झाल्या. इथल्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून आनंदीबाई गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या होत्या. म्हणजे प्रमोद म्हणतो ती अडचण त्यांनाही आली होती, आणि त्यांना तर पूर्ण हिवाळे काढायचे होते. एकीने आनंदी व्हावं, दोघींनी वर्गातल्या जपानी आणि अरब मैत्रिणींना बोलवावं, त्यांच्या घरचे कपडे घालून. चौथीने काय करावं ते सुचवा.

———

प्रेषक: सुलभा
शनिवार, ११ ऑक्टोबर

चौथीला मिसेस कार्पेंटर करा. ज्या अमेरिकन बाईंनी आनंदीबाईंना घरी ठेवून घेतलं त्या. माझ्याकडे लेसची कॉलर आहे आणि काळी शाल. मुलीची उंची कळवा.

सुलभा

———

प्रेषक: अविनाश
शनिवार, ११ ऑक्टोबर

"आनंदी गोपाळ"च्या दोन प्रती कपाटात आहेत. एक कोणीतरी जूनमध्ये नेलेली परत आलेली नाही, कृपया शनिवारी शुभदाच्या गॅरेजमध्ये आणून द्यावी. दुसरी मी आजच मृणालकडे पोचवतो. हिरकणीची कविता जुन्या पाठ्यपुस्तकात सापडली, पान काढून केतकीसाठी पाठवतो. मोठ्या अक्षरात, म्हणजे लेकीला स्वतः वाचता येईल.

अविनाशकाका